सावड आणि सावडणं

तिचा लेख छापून आला त्या दिवशी मी चेलाडी फाट्यावर भोरच्या गाडीची वाट बघत उभी होते. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पेपर येतो. दुपारनंतर त्यात भजी बांधली जातात, पण सकाळी गेलं तर अख्खा वाचायला मिळतो. मी तालुक्याचं पान काढलं. वर तिचं नाव होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘सावड’. तो शब्द मीच तिला दिला होता.

दिला होता असं म्हणणं कदाचित बरोबर नाही. शब्द काही माझ्या मालकीचा नव्हता. पण तिला तो माहीत नव्हता आणि मला माहीत होता, एवढं तर खरं आहे. आमची ओळख झाल्यापासून तिला माहीत नसलेलं आणि मला माहीत असलेलं असं फार काही निघालं नव्हतं. एक निघालं, आणि तेही तिच्या नावाखाली छापून आलं.

ती माझी मैत्रीण आहे. भोर गावातच राहते. वडील वकील, आई शाळेत शिक्षिका. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या पुढं डोंगराकडं. सकाळी वडापच्या जीपनं मार्गासनी, तिथून एसटीनं चेलाडी, चेलाडीवरून भोर, असं करत मी कॉलेजात पोचते तेव्हा ती घरून चालत आलेली असते आणि पुढच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरून बसलेली असते. ती चांगली आहे, हीच माझी अडचण आहे. वाईट असती तर मला तिच्यावर नीट रागावता आलं असतं.

मला तिचा हेवा वाटतो तो तिच्या घराचा किंवा कपड्यांचा नाही. तिच्या चुका घरातच दुरुस्त होतात, याचा वाटतो. तिनं काही लिहिलं की आधी आई वाचते, मग वडील वाचतात, आणि वर्गात येतं ते धुऊन इस्त्री केलेलं. माझं लिहिलेलं पहिल्यांदा वाचतात ते सर, सगळ्या वर्गासमोर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी रात्री लिहीत बसले की आई विचारते, “झालं का गं?” बरोबर झालं का, हे विचारणारं कुणी नाही.

जूनमध्ये मराठीच्या सरांनी वर्गात सांगितलं की एका पेपरच्या तालुका पानावर आमच्या कॉलेजला सदर मिळणार आहे. प्रत्येकानं आपल्या भागातल्या एखाद्या चालीरीतीवर लिहायचं. ज्याचा लेख निवडला जाईल त्याचा तो छापून येईल, आणि वर्षभर पंधरा दिवसांतून एकदा त्यानंच लिहायचं.

मला ते सदर हवं होतं. इतकं की मी ते कुणाला बोलूनही दाखवलं नाही. बीए झाल्यावर मला पुण्याला पत्रकारितेला जायचंय. तिथं मुलाखतीला छापून आलेली कात्रणं न्यावी लागतात, असं एका सिनियर मुलानं सांगितलं होतं. आणि घरी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पटवायचं तर नुसत्या बोलण्यानं भागणार नव्हतं. ते अडवतील असं नाही. ते फक्त म्हणतील, “पुढं काय हाय त्यात?” तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला वर्षभराची कात्रणं असती, तर मला फारसं बोलावं लागलं नसतं.

कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर डबा खाताना तिनं विचारलं, “तू कशावर लिहितेयस?”

“सावडीवर.”

“म्हणजे काय गं?”

मी सांगितलं. भाताची लावणी एकट्या घरानं होत नाही. खाचरात चिखल झाला की रोप थांबत नाही. मग आज चार घरं माझ्या खाचरात उतरतात, उद्या मी त्यांच्या खाचरात. पैसा नाही, मजुरी नाही. ज्याच्याकडं काम त्याच्याकडं जेवण. आणि आलेल्याची सावड फेडायची म्हणजे फेडायची. घरात लग्न असो नाहीतर आजारपण, आपण नाही तर आपल्याकडचं कुणीतरी जायचं.

“किती गोड शब्द आहे,” ती म्हणाली. ती आंबवड्याच्या देवळावर लिहिणार होती. दोन दिवसांनी म्हणाली, “देवळावर खूप जणांनी लिहिलंय अगं. मीपण सावडीवर लिहिलं तर तुला चालेल का? सर म्हणाले, दोघींचे दृष्टिकोन वेगळे येतील.”

“चालेल की,” मी म्हणाले. नाही कसं म्हणतात, ते मला अजून जमत नाही.

मी जे लिहिलं ते बरं होतं, असं मला वाटतं. आमच्या बायका लावणीला वाकल्यावर एकमेकींना कशा चिडवतात, कुणाची ओळ वाकडी जाते, जेवणात वाटाण्याची आमटी पातळ झाली तर वर्षभर कसं ऐकून घ्यावं लागतं, असं सगळं होतं त्यात. सरांनी वाचलं. म्हणाले, “मनापासून लिहिलंयस. पण हे घेतलंस कुठून?”

“घरून, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “घर हा संदर्भ होत नाही ना. उद्या संपादकांनी विचारलं, कशावरून, तर मी काय दाखवू?”

मी खाली बसले.

मग तिनं तिचा लेख दिला. शेवटी संदर्भ होते, एकाखाली एक. सगळ्यात वर मुक्त ज्ञानकोशातली नोंद. तिनं तिथं ‘सावड’ शोधलं होतं आणि ते सापडलं होतं. मला धक्का बसला तो याचाच. मी शोधलंच नव्हतं. जे आपल्या खाचरात चालतं ते मोबाईलमध्ये असेल, हे माझ्या मनातच आलं नाही.

ज्ञानकोशावर माझा राग नाही, हे इथंच सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी त्याच्याच जिवावर पास झाले. आमच्या घरी पुस्तकं म्हणजे माझी शाळेची आणि एक पंचांग. कुठलाही शब्द अडला की मी मार्गासनीच्या स्टॉपवर, जिथं रेंज येते तिथं, उभी राहून तो शोधायची. एवढं सगळं, फुकट, मराठीत, आणि “हेही माहीत नाही का तुला” असं न म्हणता सांगणारं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं. म्हणून तिथं लिहिलेलं मी खरं धरत आले. सरही धरतात. तेच म्हणाले, “ज्ञानकोशात आहे म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणार.”

तिच्या लेखातला मुख्य परिच्छेद असा होता: ‘सावड ही मावळातली एक हृद्य प्रथा आहे. घरातील माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी नदीकाठी अस्थी सावडल्या जातात. त्याच दिवशी अवघा गाव त्या घराच्या शेतात उतरतो आणि त्यांचे अडलेले काम पूर्ण करून देतो. ‘सावडणे’ या शब्दावरूनच प्रथेला ‘सावड’ हे नाव पडले. या मदतीची परतफेड करायची नसते.’

सरांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. तो चुकीचा होता हे तर होतंच. पण तो सुंदर होता. माझ्या वाटाण्याच्या आमटीपेक्षा कितीतरी सुंदर. सरांचे डोळे ओले झाले होते.

वर्ग सुटल्यावर मी तिला म्हणाले, “अगं, हे असं नसतं.”

“कसं नसतं? हे बघ ना.” तिनं मोबाईल पुढं केला. वाक्यांच्या शेवटी निळे आकडे होते, एक, दोन, तीन.

“आमच्याकडं नसेल मग,” मी म्हणाले. “दुसरीकडं कुठं असेल.”

हे मी का बोलले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. जिथं वाढले त्या गावाबद्दल मी बोलत होते, आणि समोर निळे आकडे दिसल्यावर मला वाटलं, आपलंच गाव काहीतरी विसरलं असेल.

घरी येऊन आईला विचारलं. आई चुलीपाशी होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. “सावडायला मेलेल्या मानसाकडं जात्यात. सावडीला जित्या मानसाकडं जात्यात. येवढं बी कळंना का तुमच्या कालेजात?”

रात्री मी ते निळे आकडे एकेक करून उघडले. पहिला उघडलाच नाही. ते पान आता नव्हतंच. दुसरा एका शब्दकोशाकडं जात होता. तिथं ‘सावडणे’चा अर्थ होता, सावडीबद्दल अक्षर नव्हतं. तिसरा कुणा भटकंती करणाऱ्याच्या ब्लॉगचा होता, आणि त्यानं खाली आभार मानले होते ते ज्ञानकोशाचे. दोन शब्द सारखे दिसले म्हणून कुणीतरी एकत्र बांधले होते आणि गाठ सगळ्यांनी बघितली होती, दोऱ्यांची टोकं कुणीच नाही.

मी खातं उघडून नोंद दुरुस्त केली. आईचं वाक्य जरा शुद्ध करून लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते काढून टाकलेलं. खाली अगदी नम्रपणे लिहिलं होतं की मजकुराला संदर्भ नाही, आणि स्वतःचा अनुभव संदर्भ म्हणून चालत नाही. ज्यानं काढलं त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. तो मला ओळखत नव्हता. उद्या कुणी माझ्या जागी येऊन काहीही लिहिलं असतं तर त्यानं काय करायचं? पण त्या नोंदीचासुद्धा मला हेवा वाटला. ती खोटी असून तिला तिथं राहायला जागा होती.

तर असा तो लेख छापून आला. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की हे असं नाही. कुणी म्हटलं नाही. हात जोडलेल्या खुणा आल्या. एकानं लिहिलं, ‘आपली संस्कृती.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘पूर्वी होतं असं, आज्जा सांगायचा.’ त्याचा आज्जा काय सांगायचा ते सगळ्या गावाला माहीत आहे, आणि त्यात हे नव्हतं.

आषाढात आमच्या शेजारचे काका गेले. रात्री छातीत दुखलं, आणि टेम्पोतून नेईपर्यंत नसरापूरच्या अलीकडंच संपलं. मागं काकी एकटी. मुलगी सासरी सारोळ्याला. खाचरात चिखलणी झालेली आणि रोप गुडघ्याला लागायला आलेलं. सुतक असल्यामुळं काकीला बाहेर पडता येईना. दहा-बारा दिवस थांबलं असतं तर ते रोप जनावरांपुढं टाकावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी माणसं नदीवर सावडायला गेली. परत येताना मंडळाची पोरं आपापसांत बोलायला लागली. “पेपरात आलंय ना, आजच्याच दिवशी करायचं असतंय.” “मग चला की, हितं उभं ऱ्हाऊन काय करताय?” आणि दुपारी निम्मं गाव काकीच्या खाचरात उतरलं. पोरं, बाया, ज्यांची काकांशी बोलचाल नव्हती तेसुद्धा. कुणी हसत नव्हतं, कुणी कुणाला चिडवत नव्हतं. लावणीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मीही उतरले. हातात रोपाची मूठ, पाय पिंढरीपर्यंत चिखलात, आणि डोक्यात एकच गोष्ट. मी मैत्रिणीच्या परिच्छेदात वाकून रोपं लावत होते. तिनं भोरमध्ये पंख्याखाली बसून एक चुकीचं वाक्य उतरवून घेतलं आणि त्या वाक्यानं काकीचं भात वाचवलं. माझ्या बरोबर वाक्यानं काय केलं? वर्गाला हसवलं. काका गेल्याचं दुःख मला होतंच, नव्हतं असं नाही. त्यांनी मला लहानपणी ओढ्यातून खांद्यावर पलीकडं नेलेलं आहे. पण त्या दुपारी दुःखाच्या वर हेवा तरंगत होता, आणि मला तो खाली ढकलता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला कळलंच. कुणीतरी लावणीचे फोटो टाकले होते. तिचा फोन आला. “खरंच केलं त्यांनी? म्हणजे प्रथा आहे! तू म्हणालीस तेव्हा मी घाबरलेच होते गं, चुकीचं लिहिलं की काय.”

“हो,” मी म्हणाले. “केलं.”

त्याच आठवड्यात सरांनी वर्षभराचं सदर तिच्या नावानं मंजूर झाल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. ज्ञानकोशातल्या नोंदीखाली चौथा निळा आकडा आला होता. मी तो उघडला. तो तिच्या लेखाकडं जात होता.

काकांचं तेरावं झालं. त्यानंतर एका संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते, तर काकी ओट्यावर बसलेली आणि समोर तिची थोरली जाऊ उभी. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्का मनानं वाईट नाही, पण तिच्या जिभेला आवर नाही.

“सावड खाल्लीस न्हवं? मंग फेडायला कवा निगायचं?” आक्का म्हणत होती. “लोकांची लावणी ऱ्हायलीया अजून वरच्या अंगाला.”

“जाईन की आक्का. गुडगं जरा...”

“गुडगं समद्यांनाच हायती. निम्मं गाव उतारलं तुझ्या खाचरात. एकेकाचा एक दीस धरलास तरी दिवाळी येतीया.”

“पेपरात म्हनं फेडायची नसती,” काकी हळूच म्हणाली.

“पेपरवाले आले व्हते का लावणीला? सावड म्हनलं की फेड आली. आपल्यात कवा फुकाट झालीया सावड, सांग की.”

आक्काचं बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर. मी लेखात लिहिलेलं, आईनं सांगितलेलं, ज्ञानकोशानं काढून टाकलेलं, ते सगळं आक्का ओट्यापुढं उभी राहून सांगत होती. माझ्या बाजूनं बोलणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं आणि ते काकीला रडवत होतं.

काकीनं मला बघितलं. “ये गं बाय. तू सांग. तू शिकतीस. पेपरात लिव्हलंय ते खरं का आक्का म्हनती ते खरं?”

मी दप्तर खाली ठेवलं. आजवर कुणी मला असं विचारलं नव्हतं. मी ‘पेपरातलं खरं’ म्हटलं असतं, तर काकी सुटली असती आणि माझ्या मैत्रिणीची चूक माझ्याच तोंडानं पक्की झाली असती. ‘आक्काचं खरं’ म्हटलं असतं, तर मी बरोबर ठरले असते आणि काकी त्या गुडघ्यांनी दिवाळीपर्यंत लोकांच्या चिखलात उभी राहिली असती.

मग मला आमचे दादा आठवले, लावणीच्या आदल्या संध्याकाळी टोपी घालून घरोघर जाणारे. दारात उभं राहून म्हणायचे, “उद्या सावडीला या.” समोरचा म्हणायचा, “येतो.” एवढंच. न बोलावता कुणी सावडीला येत नाही, आणि ज्याच्या दारात मागायला गेलो त्याच्याच दारात फेडायला जातो. हे मी माझ्या लेखात लिहिलंच नव्हतं. ते लिहायचं असतं, हेच मला कळलं नव्हतं.

“काकी,” मी विचारलं, “तुमी कुणाच्या दारात गेला होता का, सावडीला या म्हणायला?”

“मी कशी जाईन गं? सुतकात व्हते.”

“मग कुणाला पाठवलं होतं?”

“कुनाला धाडू? बसल्या जागची हालले न्हाई.”

मी आक्काकडं बघितलं. मला वाटतं माझा आवाज जरा चढला असावा. “बोलावल्याबिगर सावड होते का, आक्का?”

आक्कानं पदर सारखा केला. “बोलावल्याबिगर कशी हुईल?”

“मग ही सावड नव्हती. लोक आपले आपण आले. फेड कसली?”

आक्काला हे पटलं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. पण ती सहजासहजी सोडणारी बाई नाही. ती म्हणाली, “आसं हाय व्हय पेपरात?”

“पेपरात नाही. पण आपल्यात असंच आहे ना?”

“आपल्यात हाय गं. पन तू म्हनतीस म्हनून कोन ऐकनार? उद्या वरच्या आळीच्या बाया इचारतील तर मी काय सांगू, शेजारची पोरगी म्हनली?”

काकीनं माझा हात धरला. “मंग घाल की बाय पेपरात. तुजं सर हायत न्हवं? येवढं घाल.”

त्या रात्री मी जेवले नाही. मला लिहून द्यायला जागा नव्हती. जागा मैत्रिणीकडं होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं मला दारातच “ये गं, भिजलीस की” म्हणून टॉवेल दिला. ती आणि मी तिच्या खोलीत बसलो, आणि मी तिला सगळं सांगितलं. सावडायला मेलेल्याकडं जातात आणि सावडीला जित्याकडं, इथून सुरुवात केली. पहिल्या आकड्याचं पान नव्हतं, दुसरा दुसऱ्याच शब्दाचा होता, तिसरा गोल फिरून परत येत होता, हे दाखवलं. काकीचं सांगितलं. आक्काचं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. “तू मला तेव्हाच का नाही म्हणालीस नीट?”

“म्हणाले होते. मग तू आकडे दाखवलेस.”

“आणि तू मान्य केलंस!”

“मला वाटलं आकडे आहेत म्हणजे...”

“मलापण तेच वाटलं,” ती म्हणाली, आणि तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग ती म्हणाली, “चुकलं माझं. सरळ छापून टाकू या. चुकलं म्हणून.”

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की माझ्यात परत काहीतरी पेटलं. चुकलं असं म्हणायला मला आठवडाभर लागला असता, आणि म्हटल्यावर माझ्याकडं दुसरं काही उरलं नसतं. तिच्याकडं सदर होतं. चुकीचं लिहून ती एकदा छापून आली होती, आता चूक सांगून पुन्हा येणार होती.

“तूच लिही,” ती म्हणाली. “माझ्या सदरात. तुझ्या नावानं.”

मला ते इतकं हवं होतं की मी लगेच हो म्हणाले. तिनं माझ्यासमोरच सरांना फोन लावला. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण संपादकांनी सदर एका नावानं मंजूर केलंय, मध्येच नाव बदललं तर ते काढूनच घेतील. तिनं दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा करायला लागली तेव्हा मीच तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “राहू दे सर, ती लिहील.”

मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. ‘न बोलावता आलेल्याची सावड होत नाही, म्हणून तिची फेडही होत नाही’ हे वाक्य माझं आहे, जसंच्या तसं. वाटाण्याची आमटीसुद्धा तिनं घेतली. संध्याकाळी तिच्या वडिलांनी वाचून दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले.

लेख आला तो रविवार होता. दादांनी मार्गासनीहून पेपर आणला. मी तो काकीच्या ओट्यावर घेऊन गेले. आक्का आलेलीच होती, वरच्या आळीच्या दोन बायांना घेऊन. मी मोठ्यानं वाचलं. सुरुवातीलाच तिनं लिहिलं होतं, ‘मागच्या लेखात माझी चूक झाली.’ पुढं होतं, ‘वेल्हे तालुक्यातील एका मैत्रिणीने सांगितल्याप्रमाणे...’ तिथं मी अडखळले, पण थांबले नाही. शेवटपर्यंत वाचलं.

“हां,” आक्का बरोबरच्या बायांकडं वळून म्हणाली. “मी काय म्हनत व्हते? बोलावल्याबिगर सावड न्हाई. मिटलं की मंग.”

“त्या मैतरनीला लई म्हायती दिसती,” एक बाई म्हणाली.

बोलायचं मनात होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ‘ती मीच’ असं म्हटलं असतं, तर ते पुन्हा शेजारच्या पोरीचंच झालं असतं, आणि आक्कानं नुकतंच मिटवलेलं पुन्हा उघडलं असतं.

बाया गेल्या. काकी म्हणाली, “तेवढा कागूद मला देतीस? कुनी इचारलं तर आसावा जवळ.”

पुण्याच्या मुलाखतीला न्यायला माझ्याकडं अजून एकही कात्रण नाही. हे एक माझं म्हणावं असं होतं, पण दाखवता येणार नव्हतं. मी पान गुडघ्यावर ठेवून, घडी घालून, नखानं दाबून ते फाडलं. सदराच्या वरच्या कोपऱ्यात आता तिचा फोटो असतो. तो लेखाला इतका लागून होता की वेगळा निघेना. निघाला असता तर मी काढला असता.

काकीनं तुकडा हातात घेतला. तिला वाचता येत नाही. ती बराच वेळ फोटोकडं बघत राहिली.

“पोरगी गुनाची दिसती,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “आहे.”